ना-नफा संस्थांसाठी अमेरिकी सरकारचे सुरक्षा अनुदान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील मंदिरांच्या विश्वस्त मंडळांत आणि महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीत काम करणाऱ्या मराठी मंडळींकडून या अनुदानाविषयी पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. रकमा, गुणांकन आणि मुदती दरवर्षीच्या अधिसूचनेनुसार बदलतात. म्हणून जेथे आकडा दिला आहे तेथे तो कोणत्या वर्षाचा आहे हेही नमूद केले आहे.

ही योजना नेमकी काय आहे?

नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम ही अमेरिकेच्या संघीय सरकारची योजना आहे. दहशतवादी किंवा अतिरेकी हल्ल्याचा धोका असलेल्या ना-नफा संस्थांना आपल्या इमारतींची सुरक्षा भक्कम करता यावी, यासाठी गृहसुरक्षा विभागाच्या अखत्यारीतील ‘फेमा’ ही आपत्कालीन व्यवस्थापन संस्था हा निधी देते. योजनेची सुरुवात २००५ या आर्थिक वर्षात झाली आणि जानेवारी २०२० मध्ये तिला स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. आरंभी ती केवळ मोठ्या, जोखमीच्या ठरवलेल्या महानगर क्षेत्रांपुरती होती. २०१८ पासून त्या क्षेत्रांबाहेरच्या संस्थांसाठी दुसरी शाखा उघडण्यात आली. त्यामुळे आज अर्ज करताना आपली इमारत महानगर शाखेत मोडते की राज्य शाखेत, हे आधी पाहावे लागते. चुकीच्या शाखेत केलेला अर्ज बाद होऊ शकतो.

तरतुदीचा आकार गेल्या काही वर्षांत बराच वाढला. २०२० मध्ये ती ९ कोटी डॉलर होती, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२२ मध्ये २५ कोटी आणि २०२३ मध्ये साडेतीस कोटी. २०२४ मध्ये नियमित तरतुदीत पुरवणी निधीची भर पडून ती ४५ कोटी ४५ लाखांवर गेली. तरीही मागणी निधीच्या पुढेच धावते. २०२३ मध्ये आलेल्या अर्जांपैकी निम्म्याहून कमी अर्ज मंजूर झाले.

हे अनुदान केवळ ज्यू धर्मस्थळांसाठी आहे, असे ऐकले होते. ते खरे आहे का?

नाही. योजना सुरू व्हावी म्हणून ज्यू संघटनांनी मोठा पाठपुरावा केला आणि पहिली अनेक वर्षे लाभार्थींमध्ये त्यांचे प्रमाणही मोठे होते, त्यामुळे हा समज पसरला. मात्र पात्रता कोणत्याही धर्माला बांधलेली नाही, किंबहुना धार्मिक असण्याचीही अट नाही. चर्च, मशिदी, गुरुद्वारे, मंदिरे, शाळा, दवाखाने, सांस्कृतिक केंद्रे अशा सर्वांना अर्ज करता येतो.

हिंदू संस्थांकडून अर्ज कमी जात असत, त्यामागे ‘आपल्याकडे कोण कशाला येईल’ ही भावना होती असे माझे मत आहे. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधील ओक क्रीक येथील गुरुद्वारावर झालेल्या गोळीबारात त्या दिवशी सहा भाविक मारले गेले, तेव्हाच ती भावना पुसली जायला हवी होती. हिंदूविरोधी आणि शीखविरोधी द्वेषगुन्ह्यांची वेगळी नोंद एफबीआयने २०१५ पासून सुरू केली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील मेलव्हिल येथे आणि मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील चिनो हिल्स येथे स्वामीनारायण मंदिरांची विटंबना झाली. या घटनांनंतर मंदिर समित्यांमध्ये या योजनेची चौकशी वाढलेली दिसते.

आमची संस्था पात्र आहे का?

अमेरिकी आयकर संहितेच्या कलम ५०१(सी)(३) खाली करमुक्त असलेली संस्था पात्र ठरते. सामाजिक क्लब किंवा व्यापारी संघटना म्हणून अन्य पोटकलमांखाली नोंदलेल्या संस्था पात्र नाहीत. काही जुन्या मंडळांची नोंदणी अशी असू शकते, तेव्हा आयकर खात्याचे करमुक्तीचे निर्धारणपत्र कपाटातून काढून एकदा नीट वाचावे. चर्च, मंदिर, मशीद यांसारख्या उपासनास्थळांनी या कलमाच्या अटी पूर्ण केल्या असतील, तर त्यांना करमुक्तीचे वेगळे पत्र असणे बंधनकारक नाही. पत्र असेल तर काम सोपे होते, एवढेच.

याखेरीज संस्थेला संघीय सरकारचा बारा अक्षरी-अंकी युनिक एंटिटी आयडी लागतो. संस्थांचे अर्ज राज्यामार्फत जातात आणि मुख्य अर्जदार राज्य असते, त्यामुळे संस्थेला सॅम या संघीय सरकारच्या पोर्टलवर पूर्ण नोंदणी करण्याची गरज नसते, केवळ ओळखक्रमांक पुरतो. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ जण पूर्ण नोंदणीच्या कागदपत्रांत आठवडे घालवतात; त्या नोंदणीसाठी शुल्क मागणाऱ्या खासगी कंपन्यांची पत्रेही येतात. ओळखक्रमांक सरकारकडून विनामूल्य मिळतो.

आमच्या महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू नाही. गणेशोत्सव आम्ही शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन करतो. आम्हाला अर्ज करता येईल का?

बहुतेक मंडळांची खरी अडचण हीच आहे. अनुदान संस्थेला मिळत असले तरी ते एका ठरावीक इमारतीसाठी असते, आणि अर्ज करतेवेळी संस्था त्या इमारतीत प्रत्यक्ष वावरत असली पाहिजे. टपाल पेटीचा पत्ता चालत नाही. ज्याचे बांधकाम अजून व्हायचे आहे अशा नियोजित वास्तूसाठीही पैसे मिळत नाहीत. वर्षातून चार-पाच दिवस हायस्कूलचे सभागृह घेणाऱ्या मंडळाला ही योजना लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

वास्तू दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घेतली असेल, तर मात्र अर्ज करता येतो. जागामालकाची लेखी संमती आधी घ्यावी, कारण कुंपण, दरवाजे किंवा वायरिंग बदलायचे झाल्यास त्याचा नकार सगळे काम अडवू शकतो. मराठी शाळा जर मंदिराच्या इमारतीत दर रविवारी भरत असेल, तर अर्ज मंदिराने करावा आणि त्यात शाळेचा उल्लेख ठळकपणे यावा: किती मुले येतात, कोणत्या खोल्यांत बसतात, त्या खोल्यांचे दरवाजे आतून कुलूपबंद होतात का. लहान मुलांचा नियमित वावर हा जोखमीच्या विचारात महत्त्वाचा मुद्दा असतो, आणि मंदिराच्या अर्जात तो हमखास राहून जातो.

अर्ज फेमाकडे करायचा का?

नाही, थेट फेमाकडे केलेला अर्ज विचारात घेतला जात नाही. प्रत्येक राज्यात एक राज्य प्रशासकीय संस्था नेमलेली असते आणि संस्थांनी आपले अर्ज तिच्याकडेच द्यायचे असतात. न्यू जर्सीत हे काम राज्याचे गृहसुरक्षा व सज्जता कार्यालय पाहते, कॅलिफोर्नियात गव्हर्नरच्या अखत्यारीतील आपत्कालीन सेवा कार्यालय, तर न्यूयॉर्कमध्ये गृहसुरक्षा व आपत्कालीन सेवा विभाग. राज्य आलेल्या अर्जांची छाननी करते, त्यांना गुण देते आणि आपल्या शिफारशींसह सर्व अर्ज फेमाकडे पाठवते.

यातून मुदतीचा घोटाळा होतो. फेमाच्या संकेतस्थळावर दिसणारी अंतिम तारीख राज्यांसाठी असते. संस्थांसाठीची तारीख राज्य ठरवते आणि ती बरीच आधीची असते. अधिसूचना निघाल्यावर संस्थेच्या हातात पुष्कळदा तीन-चार आठवडेच उरतात. म्हणून राज्य संस्थेच्या ईमेल यादीत नाव नोंदवणे आणि मागील वर्षीचा अर्ज नमुना म्हणून भरून ठेवणे, ही दोन कामे अधिसूचनेची वाट न पाहता करावीत.

किती रक्कम मिळू शकते? संस्थेला स्वतःचा वाटा घालावा लागतो का?

२०२४ च्या अधिसूचनेनुसार एका जागेसाठी कमाल २ लाख डॉलर मागता येत होते आणि एका शाखेत जास्तीत जास्त तीन जागांसाठी, म्हणजे ६ लाखांपर्यंत. त्याआधीच्या वर्षी हीच मर्यादा एका जागेसाठी दीड लाख होती. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र अर्ज लागतो. संस्थेने स्वतःचा वाटा घालण्याची अट या योजनेत नाही. कमाल रक्कम मागितलीच पाहिजे असेही नाही. मागितलेला प्रत्येक डॉलर कोणत्या उणिवेसाठी आहे हे दाखवता येत नसेल, तर फुगवलेला आकडा अर्जाला मारक ठरतो.

म्हणजे मंजुरी मिळाल्यावर धनादेश हातात येतो का?

येथे अनेक समित्या फसतात. बहुतेक राज्यांत ही योजना प्रतिपूर्तीच्या तत्त्वावर चालते: संस्थेने आधी खर्च करायचा, बिले आणि पैसे दिल्याचे पुरावे सादर करायचे आणि मग राज्याकडून रक्कम परत मिळवायची. दीड लाखांचे काम काढायचे तर तेवढे पैसे, किंवा किमान टप्प्याटप्प्याने फिरवता येईल इतकी रक्कम, संस्थेच्या खात्यात असली पाहिजे. अर्जापूर्वी कोषाध्यक्षांशी बसून हा हिशेब करावा. गरज पडल्यास बँकेकडून पतमर्यादा घेता येते. त्यावरचे व्याज संस्थेलाच सोसावे लागेल असे धरून चालावे.

मंजुरीपूर्वी केलेला कोणताही खर्च परत मिळत नाही. एखादी दुर्दैवी घटना घडली म्हणून घाईने कॅमेरे बसवले आणि नंतर अर्ज केला, तर त्या कॅमेऱ्यांचे पैसे मिळणार नाहीत. हे ऐकून काही विश्वस्त अत्यावश्यक कामेही अनुदानाच्या आशेने पुढे ढकलतात, तेही चूक आहे. तुटलेले कुलूप आजच बदलावे आणि अर्ज उरलेल्या उणिवांसाठी करावा.

असुरक्षितता मूल्यांकन म्हणजे काय, आणि ते कोणाकडून करून घ्यावे?

इमारतीच्या सुरक्षेतील उणिवांची ही लेखी पाहणी असते आणि प्रत्येक जागेसाठी ती जोडावीच लागते. संपूर्ण अर्ज तिच्यावर उभा असतो, म्हणून या उत्तरासाठी थोडी अधिक जागा घेत आहे.

पाहणी स्थानिक पोलीस किंवा शेरीफ कार्यालयाकडून करून घेता येते. सायबर व पायाभूत सुविधा सुरक्षा संस्था, म्हणजे ‘सिसा’, हिचे संरक्षणविषयक सल्लागार देशभर नेमलेले आहेत आणि ते विनामूल्य भेट देतात; त्यांची भेट ठरायला वेळ लागतो, म्हणून बरेच आधी कळवावे. उपासनास्थळांसाठी सिसाची स्वयंमूल्यांकनाची प्रश्नावलीही आहे. खासगी सल्लागार नेमता येतो, मात्र मूल्यांकनाचा किंवा अर्ज लिहून घेण्याचा खर्च या अनुदानातून मिळत नाही.

बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला आपल्या इमारतीचा वापर ठाऊक नसतो. तो मंगळवारी सकाळी येतो, तेव्हा मंदिरात पुजारी आणि दोन ज्येष्ठ नागरिक असतात. त्याला गणेश चतुर्थीची संध्याकाळ समजावून सांगण्याचे काम समितीचे आहे. त्या संध्याकाळी मुख्य दरवाजापाशी चपला काढायला माणसे थांबतात आणि बाहेर पदपथापर्यंत दाटी होते. स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा महाप्रसादाची पातेली आत-बाहेर नेता यावीत म्हणून लाकडी पाचर लावून उघडाच ठेवलेला असतो, आणि तो थेट पार्किंगकडे उघडतो. सभागृहातून बाहेर पडायचे तर लोकांना पुन्हा चपलांच्या त्याच गर्दीकडे यावे लागते, कारण आणीबाणीच्या दारासमोर सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. पुजाऱ्यांचे कुटुंब त्याच आवारात राहत असेल, तर रात्रीची जोखीम वेगळी. हे सर्व मूल्यांकनात लेखी आले, तर पुढचा अर्ज जवळपास आपोआप उभा राहतो. यातील पाचर आणि खुर्च्या यांना अनुदान लागत नाही हे खरे, पण त्या दरवाजाला आतून उघडणारे, बाहेरून कार्डाने चालणारे आणि उघडे राहिल्यास इशारा देणारे कुलूप लागते, आणि ते या योजनेत बसते.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता?

‘इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन’ नावाचा ठरावीक नमुन्यातील फॉर्म. त्यात संस्थेची माहिती, धोका, उणीव, हल्ला झाल्यास होणारा परिणाम, मागितलेली साधने, कामाचे टप्पे आणि व्यवस्थापन करणारी माणसे यांविषयी लिहायचे असते. त्यासोबत संस्थेचे ध्येयनिवेदन आणि असुरक्षितता मूल्यांकन जोडायचे. काही राज्ये आणखी कागद मागतात.

‘आजकाल वातावरण बिघडले आहे, म्हणून आम्हाला सोळा कॅमेरे हवेत’ अशा अर्थाचे अर्ज मोठ्या संख्येने जातात आणि पडतात. परीक्षक धागा शोधत असतो: कोणता धोका, तो कोणत्या उणिवेतून आत येऊ शकतो आणि मागितलेली वस्तू नेमकी तीच उणीव कशी बुजवते. ‘मागील पार्किंगच्या बाजूला प्रकाश नाही, गेल्या वर्षी त्याच भिंतीवर दोनदा द्वेषपूर्ण मजकूर लिहिला गेला, त्याची पोलीस तक्रार जोडली आहे, मूल्यांकनातील चौथी उणीव हीच आहे, तेथे चार दिवे आणि दोन कॅमेरे प्रस्तावित आहेत’ असे लिहिले, तर परीक्षकाला गुण द्यायला आधार मिळतो.

येथे पोलीस तक्रारीचे महत्त्व ध्यानात येईल. आपल्या समित्यांची वृत्ती ‘जाऊ द्या, रंग देऊन टाकू’ अशी असते. बोभाटा नको, भाविक घाबरतील, असे म्हणून भिंत दुसऱ्या दिवशी पांढरी केली जाते. मग अर्जाच्या वेळी दाखवायला काहीच उरत नाही. धमकीचे फोन, ईमेल, तोडफोड, प्रत्येक गोष्टीची तक्रार नोंदवून क्रमांक जपून ठेवावा. आपल्या संस्थेबाबत असे काही घडले नसेल, तर त्याच प्रदेशातील किंवा तत्सम संस्थांवरील घटनांचा आधार घेता येतो.

गुण कसे दिले जातात?

अर्जातील प्रत्येक भागाला राज्य गुण देते आणि फेमा त्यांची पडताळणी करते. अलीकडच्या अधिसूचनांत विचारसरणी, श्रद्धा किंवा कार्य यांमुळे जोखीम असलेल्या संस्थांच्या गुणांना तिपटीचा, शैक्षणिक व वैद्यकीय संस्थांना दुपटीचा आणि इतरांना एकपटीचा गुणक लावला जात असे. पूर्वी अनुदान न मिळालेल्या संस्थांना अतिरिक्त गुण दिले गेले आहेत. हे निकष त्या वर्षीच्या अधिसूचनेतच तपासावेत.

कोणत्या गोष्टींवर खर्च करता येतो?

कॅमेरे, दिवे, कुंपण, वाहन रोखणारे खांब, मजबूत दरवाजे आणि कुलपे, प्रवेश नियंत्रण यंत्रणा, काचांवर बसवायचा स्फोटरोधक पडदा, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, तपासणीची उपकरणे, काही सायबर सुरक्षा साधने, कर्मचारी आणि स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, सराव, आणीबाणीचे नियोजन आणि कंत्राटी सुरक्षारक्षक हे सर्व मान्य आहे. साधने फेमाच्या मान्य उपकरण यादीतील असावी लागतात. व्यवस्थापनखर्चासाठी मंजूर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत तरतूद ठेवता येते.

प्रशिक्षणाची रक्कम लोक टाळतात, कारण ते भिंतीवर दिसत नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी टेक्सासमधील कोलिव्हिल येथील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, ओलीस ठेवलेल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) नंतर जाहीरपणे सांगितले की, पूर्वी घेतलेल्या सुरक्षा प्रशिक्षणामुळेच त्यांना सुटका करून घेता आली.

कोणता खर्च चालत नाही?

शस्त्रे आणि दारूगोळा, शस्त्रप्रशिक्षण, संस्थेचा दैनंदिन खर्च, सरकारी पोलिसांच्या नेमणुकीचा खर्च, वाहनांच्या नंबरपाट्या टिपणारी यंत्रणा, चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि बागकाम यांना पैसे मिळत नाहीत. ‘कुंपण म्हणून झाडे लावू’ ही सूचना हटकून येते. ती बागकामातच मोडते.

एक जाळे विशेष सांगायला हवे. २०१९ या आर्थिक वर्षाच्या राष्ट्रीय संरक्षण प्राधिकरण कायद्यातील कलम ८८९ नुसार हुवावे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ या कंपन्यांच्या दूरसंचार व चित्रीकरण उपकरणांवर संघीय अनुदानाचे पैसे खर्च करता येत नाहीत. स्वस्त कॅमेऱ्यांपैकी अनेक कॅमेरे दुसऱ्याच नाममुद्रेखाली विकले जातात आणि आत माल यांपैकी एखाद्या कंपनीचा असतो. पुरवठादाराकडून मूळ उत्पादकाचे नाव लेखी घ्यावे.

काम लगेच सुरू करता येते का?

पर्यावरण आणि ऐतिहासिक वारसा जतनाविषयीची फेमाची मंजुरी मिळेपर्यंत नाही. जमीन खोदायची असेल किंवा इमारत जुनी असेल, तर ही तपासणी लांबते; जुन्या चर्चची इमारत विकत घेऊन मंदिर केलेल्या संस्थांना हा अनुभव येतोच. मंजुरीआधी खांबासाठी एक खड्डा खणला, तरी त्या कामाचे पैसे गमावण्याची वेळ येऊ शकते. कामासाठी साधारणपणे तीन वर्षांचा कालावधी असतो, पण तपासणी आणि निविदा यांत पहिले वर्ष सहज निघून जाते.

कंत्राट मंदिराच्याच एखाद्या सदस्याच्या कंपनीला देता येईल का?

संघीय खरेदी नियमांनुसार स्पर्धा खुली असावी लागते आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तीला निवडीत भाग घेता येत नाही. विश्वस्ताच्या मेहुण्याने ‘स्वस्तात करून देतो’ म्हटले तरी दरपत्रके इतरांकडूनही मागवावीत आणि तो विश्वस्त निर्णयाच्या बैठकीत नसावा. अर्ज लिहायला किंवा साधनांचे तपशील ठरवायला ज्या सल्लागाराने मदत केली, त्याला पुढे त्याच कामाचे कंत्राट देता येत नाही. ‘अर्ज फुकट लिहून देतो, काम आम्हालाच द्या’ असे म्हणणारे विक्रेते भेटतात, त्यांना दुरूनच नमस्कार करावा.

कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते. मग ही जबाबदारी कोणी सांभाळायची?

तांत्रिक अटींपेक्षा हा प्रश्न अधिक प्रकरणे बिघडवतो. ज्या अध्यक्षांच्या खासगी ईमेलवर राज्याचे पोर्टल नोंदलेले असते, ते पद सोडून दुसऱ्या राज्यात राहायला जातात आणि तिमाही अहवालाची स्मरणपत्रे त्यांच्याच पेटीत पडून राहतात. पोर्टलची नोंदणी संस्थेच्या कायम ईमेलवर करावी, आणि निवडणुकीशी संबंध नसलेली किमान दोन माणसे पूर्ण कालावधीसाठी ठरावाने नेमावीत. एक हिशेब सांभाळेल, दुसरा काम.

बिले, दरपत्रके, करार आणि पैसे दिल्याचे पुरावे अनुदान बंद झाल्यानंतर किमान तीन वर्षे जपावे लागतात, आणि मोठ्या उपकरणांची प्रत्यक्ष मोजदाद दर दोन वर्षांनी करावी लागते. स्वीकृतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. २०२५ मध्ये गृहसुरक्षा विभागाच्या प्रमाणित अटींमधील, स्थलांतरितांवरील कारवाईत सहकार्य करण्याविषयीच्या कलमांवरून अनेक धार्मिक संस्थांनी आक्षेप घेतले होते.

भारतातील संस्थेला किंवा इतर देशांतील मराठी मंडळांना याचा लाभ होतो का?

नाही. इमारत अमेरिकेत असली पाहिजे. कॅनडात आणि ब्रिटनमध्ये उपासनास्थळांच्या सुरक्षेसाठी त्या त्या सरकारांच्या वेगळ्या योजना आहेत, आणि त्यांचे निकष वेगळे आहेत.

अर्ज नामंजूर झाला तर?

राज्य संस्थेकडे गुणांचा तपशील आणि अभिप्राय मागावा. पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी तोच सर्वांत उपयोगी कागद असतो, कारण कोणत्या भागात गुण गेले हे त्यातून कळते. धोक्याचे वर्णन उत्तम पण कामाचे टप्पे अर्धवट, असे बऱ्याचदा आढळते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांनी स्वतःच्या निधीतूनही अशाच योजना चालवल्या आहेत. त्यांच्या मुदती वेगळ्या असतात, आणि तेच मूल्यांकन थोड्या फेरफाराने तेथेही जोडता येते.